न मागितलेला आशीर्वाद

गिरीज गावातल्या एका ख्रिस्ती वाडीत संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपली की मुलांनी थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा आणि थोरांनी डोक्यावर हात ठेवून तो द्यायचा. दिवसभर भांडण झालेलं असो, परीक्षेत दिवे लावलेले असोत, आशीर्वाद कुणी अडवत नाही. क्लेमेंटीनने अडवला.

तिचा डेन्झिल तेव्हा तेरा वर्षांचा. नुकताच खोलीचं दार लावून घ्यायला शिकलेला, काहीही विचारा, ‘काय नाय’ म्हणणारा. त्या संध्याकाळी प्रार्थना चालू असताना मांडीआड मोबाइल लपवून तो हसत बसला. शेवटी हात जोडून पुढे आला तेव्हा ती म्हणाली, “आज नाही. लाज वाटेल तेव्हा माग.”

उद्या येईल सुतासारखा सरळ, असं तिने धरूनच ठेवलं होतं. पण पोराने हट्ट आईचाच घेतलेला. दुसऱ्या दिवशी त्याने बापाकडून, रुडॉल्फकडून, आशीर्वाद घेतला आणि कडीशी चाळा करत दाराजवळ उभा राहिला. माझी परीक्षा बघतोय, असं मनात म्हणत ती चटई गुंडाळत बसली. मग ते रोजचंच झालं. रुडॉल्फ म्हणायचा, तूच दे ना एकदा. ती म्हणायची, न मागता देतात होय कुठे?

बाकी आईपणात तिने कसूर केली नाही. तापात उशाशी बसली, दहावीला केळीच्या बागेतली कामं टाकून त्याच्याबरोबर पहाटे उठली, मिसरूड फुटल्यावर तो तुटक बोलू लागला तेही गिळलं. पण रोज संध्याकाळी तिचा जीव वरखाली व्हायचा आणि हात काही उचलला जायचा नाही.

आज तो बोटीवरच्या नोकरीला निघाला होता. रुडॉल्फ अंगणात गाडीत बॅगा ठेवत होता. डेन्झिल दाराशी वाकून बुटाची नाडी बांधू लागला, तेव्हा तिला राहवलंच नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, “देव तुझं भलं करो, बाबा.”

नाडी बांधून झाली तरी तो वाकलेलाच राहिला.

“मम्मी,” तो खालमानेनेच म्हणाला, “रोज मी दाराशी कशाला थांबायचो, तुला काय वाटलं?”

कितीतरी संध्याकाळी तो तिथेच उभा होता, आणि ती चटई गुंडाळत होती.