मिस्त्रीचा चंद्र आणि धोंडिबाचा फेटा

मोंढ्यात, आमच्या धान्याच्या बाजारात, ज्वारीला कीड लागते, कापसाला ओल लागते. किश्शांना मात्र काहीच लागत नाही. कोपऱ्यात पडून राहतात आणि वाढतात. माझ्याकडे सगळ्यात मोठा ढीग लागला तो निजामाच्या राजवटीत, आमच्या डिझेल लारीचं इंजिन थकलं त्या साली.

दिवाळीच्या पाडव्याला जिनिंगचा, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याचा, मुहूर्त असायचा. पंधरा दिवस उरले होते. पहिला कापूस ज्याच्या गाडीतून फाटकात शिरेल, त्यालाच झरी गावच्या कापसाची सबंध हंगामाची वाहतूक, असा गावाचा रिवाज. मी झरीकरांना शब्द देऊन बसलो होतो. समोर उभे धोंडिबा, बैलांचे व्यापारी, वीस गाड्यांचे मालक. ते चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "शेठची मोटार आपल्या पायानं फाटकात गेली, तर माझा फेटा तिच्यावर चढवीन!"

आता इंजिन उघडून दुरुस्त करायचं, की दुसरंच आणून बसवायचं? एवढाच प्रश्न. पण झोप उडवायला पुरेसा!

•

थकलं म्हणजे किती थकलं? एकदा बंद झालं की दहा माणसांनी ढकलल्याशिवाय ते चालू व्हायचं नाही. म्हणून आमचे ड्रायव्हर मन्मथअप्पा ते बंदच करायचे नाहीत. जेवायला बसले तरी लारी आपली दारात धडधडतेय.

एकदा झरीच्या चावडीवर तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आलेले. आवाजानं त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. ओरडले, "बंद करो ये शोर!"

अप्पा हात जोडून म्हणाले, "हुजूर, बंद करतो. पण मग चालू तुमालाच करावी लागंल."

साहेबांना ती गुस्ताखी वाटली. हुकूम सुटला, इंजिन बंद झालं. तासाभरानं साहेब निघाले, तर त्यांची बग्गी लारीच्या मागं अडकलेली! दोन चपराशी, एक पेशकार, चावडीवरची सहा माणसं आणि शेवटी खुद्द साहेब, सगळे लारीला खांदा लावून. अप्पा आतून अदबीनं सांगताहेत, "हुजूर, जरासं जोरात!"

•

सल्ल्यांना तोटा नव्हता. धोंडिबा रोज दुकानावर यायचे, चहा माझाच प्यायचे आणि म्हणायचे, "शेठ, म्हातारा बैल कुणी दुरुस्त करतं व्हय? इकायचा अन् दुसरा आणायचा!"

आमचे करीमचाचा मिस्त्री तिथंच बसलेले. ते म्हणाले, "धोंडिबा, तुमचे दात किती राहिले?"

"चार. का?"

"मग घरच्यांनी अजून बदललं कसं न्हाई तुमाला?"

त्या दिवशी धोंडिबा चहा अर्धा टाकून उठले!

•

चाचांनी इंजिनाचं डोकं उतरवलं आणि मला बोलावलं. पिस्टन वर-खाली घासून सिलिंडर झिजतो, तोंडाशी तेवढी कडा शिल्लक राहते. "नख फिरवा शेठ. अटक्या तो बोअर करना पडता."

मी नख फिरवलं. अडकलं! अप्पांनी फिरवलं. "न्हाई अडकत." मोंढ्यातले सात व्यापारी आले. सातांचंही अडकलं. चाचा चक्रावले. मग त्यांचं लक्ष आमच्या हातांकडे गेलं. ज्वारीचा दाणा फोडून ओल बघायला आम्ही सगळे करंगळीचं नख वाढवायचो!

"ये इंजन है, ज्वारी नहीं!" म्हणत चाचांनी पत्रा कापायची कातर उचलली, माझी करंगळी धरली आणि कचकन नख उडवलं. "अब फिराव."

फिरवलं. तरी अडकलंच!

•

बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून कोरून सारखा करायचा, तर इंजिनाचा अख्खा ब्लॉक रेल्वेनं हैदराबादला धाडायचा. जाऊन-येऊन जोडायला बारा दिवस. तेवढ्यात इंजिनं विकणारा एक एजंट उगवला. "पिंगळी स्टेशनावर कोरं इंजिन उतरलंय. दोन दिवसांत बसवून देतो." मी मोहात पडलो. चाचांना घेऊन पिंगळी गाठली. इंजिन हिरवंगार, नवरीसारखं नटलेलं.

मला इंजिनातलं कळत नव्हतं, पण कापसातलं कळायचं. वरचा कापूस कुणीच बघत नाही. कोपरापर्यंत हात घालून आतला काढायचा. मी बाजूचं झाकण काढायला लावलं आणि हात घातला. बोटांना छिन्नीची खूण लागली. चंद्रकोर.

"चाचा, कंपनीवाले आत चंद्र काढतात का?"

चाचांनी हात घातला. खूण चाचपली. मग म्हणाले, "शेठ, ये चाँद तो मेरे हात का है. चार बरस पहले मैंच खोल के बांध्या था इसकू."

एजंटानं इंजिनावर थाप मारली. मग म्हणतो कसा, "बस चाचा, फिर तो माल अच्छाच है!"

चाचांना नाही म्हणता येईना, हो म्हणता येईना! मी मात्र तिथंच ठरवलं. ज्याची दुरुस्ती चार वर्षांनी कोरी म्हणून विकायला निघते, त्याच्याच हातून आपलं जुनं बांधून घ्यावं. ब्लॉक त्याच दिवशी रेल्वेत चढला.

•

पाडव्याच्या सकाळी लारी झरीत कापूस भरून उभी. आदल्या संध्याकाळीच जोडणी झालेली. चाचांनी आत दुसरा चंद्र कोरलेला. पलीकडे धोंडिबांच्या वीस गाड्या जुंपलेल्या.

अप्पा आणि मी पुढं चढलो, आणि काय सांगू! कुणी न बोलावता सारं गाव सवयीनं लारीच्या मागं जमा झालं. सगळ्यांच्या पुढं धोंडिबा, मागच्या फळीला डोकं लावून. "चला रे! जिनिंगपस्तोर ढकलत नेऊ शेठची म्हैस! लावा जोर!"

अप्पांनी बटण दाबलं. एका दमात इंजिन पेटलं आणि लारी सुटली. ढकलणारी दहाच्या दहा माणसं फुफाट्यात पालथी!

आम्ही जिनिंगच्या फाटकात पहिले शिरलो. जिनिंगचे मुनीमजी नारळ घेऊन पुढं आले, लारीभोवती फिरले आणि मागं जाऊन थबकले. फळीच्या कडीला अडकून एक लाल फेटा धुळीत लोळत आला होता, सोडवून मोजला तर पुरता वीस हात.

"शेठ, हा तर धोंडिबांचा! ते कुठायत?"

मी म्हणालो, "येत असतील. शब्दाचा पक्का माणूस हाय, फेटा पुढं धाडला!"