भामरे आणि मॅडमचा खडा

सिल्वासाजवळच्या मसाटला, आमच्या केबल कारखान्यात टेस्टिंग रूमला काम करायचं म्हणजे किस्से आपोआप साठतात. पण सावंत मॅडम यायला लागल्या आणि किश्श्यांचा ओव्हरटाइम सुरू झाला!

मॅडम मालवणच्या, सिल्वासात कॉलेजला फिजिक्स शिकवतात. त्यांची पीएचडी टोपोलॉजिकल पदार्थांवर. मुंबईच्या गाइडनी दिलेला तांदळाएवढा एकच खडा, सगळा प्रबंध त्याच्यावर. त्याला केसासारख्या तारा जोडायला आमचा मायक्रोस्कोप लागायचा.

*

पहिल्याच दिवशी आमच्या धुळ्याच्या भामऱ्यांनी विचारलं, "हे करतं काय?"

"खूप थंड केलं की आतून वीज अडवतं, पण वरच्या कातडीवरून वाहू देतं."

भामऱ्यांची उभी हयात केबलचं इन्सुलेशन तपासण्यात गेलेली. ते गंभीर झाले.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पन आमच्याकडं याला रिजेक्ट म्हनता!"

*

एकदा आमचे गुजराती शेठ डोकावले. "बेन, आमां कॉपर केटलुं?"

"तांबं? शून्य!"

मॅडमनी अर्धा तास समजावलं. शेठ मान डोलवत होते. जाताना म्हणाले, "सरस! काले दस टन मोकलो!" उद्या दहा टन पाठवा म्हणे!

*

भामऱ्यांना शंका फार. "वरची कातडी खरवडली तर?"

"मग खालची तीच कातडी होते. तीही तशीच वागते."

"म्हंजे आपल्या मॅनेजरसारखं. एक गेला, दुसरा आला, वागनं तेच!"

मॅनेजर मागेच उभे होते.

मॅडम हसल्या, मग म्हणाल्या, "पुस्तकात तसं आहे हो. पण माझ्याकडे एकच खडा. करून बघायची हिंमत नाही."

*

शेवटच्या रीडिंगसाठी खडा मुंबईला न्यायचा होता. तारा जोडायला मॅडमनी आमच्याकडे ठेवलेली खड्याची डबी उघडली. खडा चकचकीत, आणि चांगलाच बारीक!

"पॉलिश पेपर मारला," भामरे कौतुकानं म्हणाले. "घासल्याशिवाय आपन कोनताच नमुना टेस्टला पाठवत नाही."

मॅडम स्टुलावर बसल्या. डोळे भरले. मला भामऱ्यांचा राग आला आणि दयाही आली. मॅडमनी तशाच तारा जोडल्या आणि निघून गेल्या.

दोन दिवस भामऱ्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. आम्ही सगळे गोळा झालो, स्पीकर लावला.

"भामरेभाऊ, वाहतंय! वरून वाहतंय, अगदी हवं तसं!"

भामऱ्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला.

"वाहनारच ना मॅडम. घासून दिलं व्हतं!"