निवड यादीत बायकोचं नाव

अश्वजित हदगाव तालुक्यातल्या खेड्यातून नांदेडला शिकायला आला आणि एम.ए. झाल्यावर तिथंच राहिला. नऊ वर्षं त्यानं सरकारी नोकरीच्या परीक्षा दिल्या. तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक. पोलीस भरतीत मैदानी चाचणी निघाली, लेखीत दोन मार्कांनी गेला, आणि पुढची जाहिरात येईपर्यंत वय निघून गेलं. अभ्यासिकेतली पोरं त्याला 'सर' म्हणायची, कारण कोणत्या फॉर्मला कोणता दाखला लागतो, फोटो किती केबीचा पाहिजे, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यातलंच एखादं पोरगं नोकरी लागली की पेढे घेऊन यायचं. अश्वजित पेढा खायचा, त्याच्या पाठीवर थाप मारायचा, आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

त्याची बायको विशाखा बारावीनंतर नर्सिंगचा एएनएम कोर्स करून एका खासगी दवाखान्यात बारा-बारा तास उभी असायची. भाड्याच्या खोलीतला संसार तिच्याच पगारावर चालायचा. याचं अश्वजितला फारसं काही वाटत नव्हतं. खासगी नोकरीला तो नोकरी धरतच नव्हता.

लातूर जिल्ह्यात आरोग्यसेविकांच्या कंत्राटी जागा निघाल्या, तेव्हा तिचा फॉर्म त्यानंच भरला. "भरून ठिवू, काय जातंय," म्हणाला. हिचं कुठं होतंय, असं त्याच्या मनात होतं.

यादी लागली त्या दुपारी तो अभ्यासिकेत होता. मोबाइलवर यादी उघडून त्यानं सवयीनं बोट सरकवलं. सतराव्या नंबरवर विशाखा. आजवर अशा किती याद्या त्यानं चाळल्या होत्या! आज घरातलं नाव सापडलं आणि ते आपलं नव्हतं. तासभर त्यानं तिला फोन केला नाही.

तोवर विशाखानंच गावी कळवलं होतं. गावाकडून आईचा, नागुबाईचा फोन आला. "सूनबाईनं नाव काढलं रे! सगळ्या गल्लीला साखर वाटली म्या." आईचा असा आवाज त्यानं नऊ वर्षांत ऐकला नव्हता. 'हाव, हाव' म्हणत त्यानं फोन ठेवला.

कागदपत्रं तपासायला लातूरला बोलावलं होतं. सकाळच्या पहिल्या एसटीनं दोघं निघाले. कार्यालयाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फाइल त्याच्या हातात देऊन विशाखा एक झेरॉक्स काढायला गेली. अश्वजितनं फाइल उघडली. वरच्याच कप्प्यात तिचं नर्स म्हणून नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र होतं. त्यानं ते काढलं, घडी घातली आणि स्वतःच्या पिशवीतल्या पुस्तकात सरकवलं.

तिचा नंबर आला. टेबलामागचे साहेब म्हणाले, "नोंदणी प्रमाणपत्र?"

विशाखानं फाइल चाळली. पुन्हा चाळली, मग मागं उभ्या अश्वजितकडं वळली. "अहो, तुमच्याकडं तर न्हाई ना?"

"मला काय ठाऊक? फाइल तूच लावलीस."

"मॅडम, पाचपर्यंत ओरिजिनल आणा," साहेब म्हणाले. "नाहीतर आम्हाला वेटिंगवाल्यांना घ्यावं लागेल."

विशाखा व्हरांड्यात फरशीवर बसली आणि एकेक कागद काढून मांडू लागली. शेजारी निलंग्याची पुनम नावाची बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. वेटिंगच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, न्हाई सापडलं तर सांगा बरं का. मी इथंच हाय." बोलताना तिचा चेहरा उजळला होता आणि ते लपवायला तिला जमत नव्हतं.

अश्वजितनं तो चेहरा पाहिला. दुसऱ्याच्या कागदात खोट निघावी म्हणून वाट बघत मागं कितीदा तरी तोही असाच उभा राहिला होता. पण पुनमनं कुणाचा कागद चोरला नव्हता.

साडेतीनला त्यानं पुस्तक उघडलं. "हे घे. माझ्या पुस्तकात गेलं व्हतं."

विशाखानं कागद घेतला, मग त्याच्याकडं पाहिलं. "सकाळी मी वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. माझ्या हातानं."

तिनं मांडीवर ठेवून घडी सरळ केली आणि आत गेली. पुनम लेकराला सावरत जिना उतरून गेली.

परतीच्या एसटीत अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "मीच काढलं व्हतं."

"माहीत हाय."

तिनं फाइल पिशवीत घातली आणि पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "एकच सांगा. मला लागली नसती, तर तुम्हाला लागली असती का?"



विशाखाला औशाजवळच्या एका गावातलं आरोग्य उपकेंद्र मिळालं. दोघं तिकडं राहायला गेले. गावात तिला 'सिस्टर' म्हणायचे आणि याला 'सिस्टरचे मालक'. पहिले काही आठवडे तो बाहेर पडेना. मग औशाच्या बाजारात एका आडत्याकडं सोयाबीनचा ओलावा मशिनवर तपासायचं काम त्याला मिळालं. हंगाम सरला तसं काम सरलं. उन्हाळ्यात तो पुन्हा रिकामा. दारावर बाया-लेकरं यायची, 'सिस्टर हायत का?' विचारायची, आणि दर वेळी त्याला आतून काहीतरी टोचायचं.

विशाखा त्याच्याशी नीट बोलायची, जेवायला वाढायची, त्याच्या आईला दर महिन्याला औषधं पाठवायची. फक्त आपले ओरिजिनल कागद तिनं नांदेडला माहेरी नेऊन ठेवले होते. कधी ठेवले, हे त्याला कळलंही नाही.

कंत्राटाचे अकरा महिने भरले. एका संध्याकाळी ती लातूरहून परतली, तेव्हा शेजारच्या लक्ष्मम्मानं अंगणातूनच विचारलं, "सिस्टर, झालं का वो नव्या आर्डरचं?" अश्वजितला तेव्हा समजलं, की मुदतवाढीसाठी ती एकटीच जाऊन आली होती.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"काम होतं, करून आले."

"झालं?"

"हाव. अजून अकरा महिने."

तो मान हलवून चुलीकडं वळला. भात त्यानंच टाकला होता, तो उतरवला. अकरा महिने फक्त, आणि तेही कंत्राटी. तेवढ्याचाही त्याला हेवा वाटला. तिनं हातपाय धुतले, आणि त्यानं दोघांची ताटं वाढली.