दत्तक सही

"तांड्यावरचे सगळे उभे राहा."

आठवीचा पहिला आठवडा होता. पुसदची शाळा. आम्ही बंजारा तांड्यावरचे सहा जण उभे राहिलो. तांड्यावरच्यांना उभं करतात तेव्हा एक तर काहीतरी वाटायचं असतं, नाहीतर कोणाचं तरी काहीतरी हरवलेलं असतं. मी मनात दोन्हीची तयारी ठेवली.

मॅडम नवीन होत्या. मऊ बोलायच्या. वर्षभरात त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अपमान म्हटला की लोकांना आरडाओरडा आठवतो. माझा अपमान फार गोड आवाजात झाला.

त्यांच्या हातात शाळेनं छापलेली गृहपाठ डायरी होती. रोज फळ्यावरचा गृहपाठ तिच्यात उतरवायचा, घरी करायचा, झाला की खूण करायची. शेवटचा रकाना पालकांच्या सहीचा. सही नसेल तर गृहपाठ केलाच नाही असं धरणार. आणि ज्याची डायरी पूर्ण, त्यालाच शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसता येणार. ते तास शाळेत फुकट होते. बाहेरच्या शिकवणीचं नाव आमच्या घरात कोणी काढत नव्हतं. म्हणजे माझ्यासाठी सगळं त्या शेवटच्या रकान्यावर आलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरी अभ्यास बघायला कोणी नसतं. म्हणून शाळेनं तुमची सोय केली आहे."

सोय अशी की गावातल्या एकेका मुलाच्या आईनं आमच्यापैकी एकाला दत्तक घ्यायचं. फक्त अभ्यासापुरतं. गृहपाठ त्या तपासणार, सहीही त्याच करणार. योजनेचं नाव दत्तक पालक.

मी हात वर केला. मला सांगायचं होतं की माझी आई आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली आहे. माझा बाप दहावी आहे, ऑटो चालवतो, सवारी नसली की स्टँडवर पेपर वाचत बसतो. दोघांनाही सही येते. चौथीपर्यंत तांड्यावरच्या शाळेत आईच सही करायची.

मॅडमनी माझ्या हाताकडे पाहिलं. "आत्ता नाही बेटा. मधल्या सुट्टीत जा."

वर्ग हसला. मी हात खाली घेतला.

मग बाहेर थांबलेल्या त्या आया वर्गात आल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचा फोटो काढला. आम्ही सहा जण पुढे, हातात डायऱ्या, मागे आमच्या नव्या आया. तो फोटो शाळेच्या ग्रुपवर गेला आणि तिथून बापाच्या मोबाईलवर आला. बापानं तो बोटांनी मोठा करून पाहिला, आईला दाखवला. आईला आम्ही याडी म्हणतो. याडीनं विचारलं, ही बाई कोण? मी सांगितलं. तिनं मोबाईल बापाच्या हातात परत दिला. बाप म्हणाला, शाळा चांगली आहे, वर्षभराचा तर प्रश्न आहे, निभावून ने. घरात यावर तेवढंच बोलणं झालं.

माझ्या वाट्याला आलेल्या काकू शाळेच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. तीन पिढ्या कचेरीत नोकरी केलेलं घर. त्यांची मुलगी मृणाल माझ्या वर्गात, माझ्यापुढे दोन बाक सोडून. शाळा सुटली की मृणाल घरात जायची आणि मी बाहेरच्या पायरीवर बसायची. जाळीच्या दारातून वही आणि डायरी आत द्यायची. थोड्या वेळानं सही होऊन दोन्ही बाहेर यायच्या. मग मी तांड्याची गाडी पकडायला पळायची.

काकू वाईट नव्हत्या. हे वाक्य मी फार वर्षं म्हणत आले. त्या मला चिवडा द्यायच्या. मृणालला बशीत, मला कागदावर. एकदा मी पाणी प्यायला आत एक पाऊल टाकलं तर म्हणाल्या, "थांब थांब, तिथंच थांब, मी आणते." आणलंही लगेच. वरून ओंजळीत ओतलं.

पहिल्या महिन्यानंतर कामं सुरू झाली. सही करेपर्यंत तेवढं अंगण झाडून घे. चक्कीवरून पीठ घेऊन ये. मेथी निवडून दे. कामं मोठी नव्हती. नाही म्हणावं असं त्यांत काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला नाही म्हणता येत नव्हतं. पेन त्यांच्या हातात होता. मी झाडू घ्यायची. एकदा मृणाल खिडकीत उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून तोच कोपरा पुन्हा झाडला. मला राग यायला पाहिजे होता. आली ती लाज. घरी जाईपर्यंत ती अंगावरून उतरली नाही.

घरी माझा खरा अभ्यास व्हायचा. ती याडीची पद्धत होती. शेतातून आली की हात धुवायची, पदराला पुसायची, भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, सांग. मग मी त्या दिवशीचा धडा आमच्या गोरमाटी बोलीत सांगायचा. पुस्तकातली वाक्यं म्हणून दाखवलेली तिला चालत नसत. आपल्या बोलीत सांगता आलं तरच समजलं, असं तिचं म्हणणं. मला कुठे अडलं की ती विचारायची, मग ते तसंच कसं होते? आणि मी पुन्हा पुस्तक उघडायची. माझी भावंडं, शेजारच्या पोरी, सगळे हळूहळू येऊन ऐकत बसायचे. कोणी मधेच हसलं तर याडी त्यालाच पुढचं विचारायची. त्या एका तासात मी हुशार असायची.

एक दिवस काकूंनी सहज विचारलं, घरी अभ्यास कसा करतेस? मी भाबडेपणानं सगळं सांगितलं. कौतुक होईल असं वाटलं होतं. काकूंनी डायरी पुढे ओढली आणि सहीच्या वर लिहिलं, 'घरी धडे बोलीभाषेत सांगतात. घरी अभ्यासाचं वातावरण नाही. योग्य ती समज द्यावी.' त्या आमच्या घरी कधीच आल्या नव्हत्या. आमचा तांडा रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे तेही त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शेरा वाचला. वर्गासमोर बोलावलं. म्हणाल्या, बघू तरी कसं सांगतेस. कालचाच धडा सांग. झाड आपलं अन्न कसं तयार करतं.

मी सांगायला लागले. उन्हाला आमच्यात तावडो म्हणतात. मी तावडो म्हटलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ते परत म्हटलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. मॅडमही हसल्या. दुष्टपणानं नाही, लहान मूल काही बोबडं बोललं की हसतात तशा. माझ्यासोबतचे तांड्यावरचे पाच जण बाकाकडे बघत होते. मला धडा पूर्ण येत होता. मी अर्ध्यावर थांबले. मॅडम म्हणाल्या, "बस खाली. आता समजलं ना, मार्क काहून जातात ते?" 'काहून' त्या मुद्दाम म्हणाल्या. आमच्याशी आमच्यासारखं.

त्या दिवसापासून माझं नाव तावडो पडलं. डबा खाताना तावडो, बाहेर ऊन पडलं की तावडो. माझ्या घरातला शब्द. माझी याडी कपडे वाळत घालताना म्हणते तो शब्द.

त्या संध्याकाळी याडी हात धुऊन भिंतीला टेकून बसली. म्हणाली, सांग. मी मराठीत सांगायला लागले, पुस्तकातल्यासारखं. तिनं मधे थांबवलं नाही. पूर्ण ऐकलं. मी वर पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशीही मराठीत. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकली नाही, चुलीपाशीच बसून राहिली. कोणी मला काही म्हटलं नव्हतं. घरात मी स्वतःच मॅडम झाले होते. त्या लाजेसारखी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. आज लिहितानाही कान तापतात.

दिवाळीच्या आधी पालकसभा होती. जादा तासाला कोण राहणार ते त्या दिवशी ठरायचं होतं. दत्तक पालकांना बोलावणं होतं. खऱ्या पालकांना नको असं कोणी म्हटलं नव्हतं, पण या असंही म्हटलं नव्हतं. याडी आली. कापूस वेचायचे दिवस होते, एक दिवसाची मजुरी सोडून आली. लग्नातली हिरवी साडी नेसून आली. बाप तिला ऑटोतून गेटपाशी सोडून गेला.

वर्गात बाक लावले होते. मला पालकांना पाणी द्यायचं काम होतं. माझी पाळी आली तेव्हा काकू मॅडमसमोरच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, पोरगी कष्टाळू आहे, आमच्या मृणालसारखीच मानते मी तिला, पण काय करणार, घरी वातावरणच नाही.

याडी दारातून पुढे आली. म्हणाली, "मॅडम, मी तिची माय आहो. मले बी ऐकू द्या."

मॅडम हसून बोलल्या. त्यांनी डायरी उघडून तिच्याकडे वळवली. "बघा, यात तुमची सही कुठेच नाही. पालक म्हणून यांची आहे. तुम्ही बाहेर बसा."

याडी उभीच राहिली. सगळ्या आया तिच्याकडे बघत होत्या. हिरव्या साडीकडे, हातावरच्या गोंदणाकडे, बोंडांनी खरचटलेल्या बोटांकडे. माझ्या तासाचं काय होईल याचा ती विचार करत होती. मला ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. त्याच गोड आवाजात.

"तू सांग ना आईला. तुमच्या भाषेत सांग, बाहेर थांबा म्हणून. त्यांना समजत नाहीये."

माझ्या हातात पाण्याचे ग्लास होते. याडी आत्ताच बोलली होती. मराठीत. सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी तिला मराठी समजत नव्हतं, कारण ती तिथून हलत नव्हती. आणि तिला हाकलायचं काम माझ्याकडून करून घ्यायचं होतं, आमच्याच बोलीत. वर्गात जिला हसले होते त्याच बोलीत.

मी ट्रे बाकावर ठेवला.

"तिले मराठी येते मॅडम. आत्ता मराठीतच बोलली थे."

डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायलाही सुचलं नाही. पण बोलणं थांबलं नाही. म्हटलं, "माह्या डायरीवर आता माह्या मायची सही राहीन. काकूची नको."

काकूंचा चेहरा पडला. त्यांना खरंच लागलं होतं. म्हणाल्या, इतकं केलं हिच्यासाठी, त्याचं हे फळ. मी म्हणाले, तुम्ही केलं, मीही तुमचं अंगण झाडलं. हे मराठीत की बोलीत म्हणाले ते मला आठवत नाही, पण त्यांना समजलं.

मॅडमनी डायरी मिटली. "दत्तक पालक नको असतील तर जादा तास मिळणार नाही. नियम आहे."

"नको मंग."

याडीनं माझा दंड धरला. मला वाटलं आता ती मला सोबत घेऊन निघेल. पण तिनं दंड दाबला, गप्प राहा म्हणून. आणि मॅडमना म्हणाली, पोरगी लहान आहे, चुकली, तास तेवढा बंद करू नका. माझ्यासाठी तिनं हात जोडले. त्या वर्गातलं सगळ्यात वाईट दृश्य ते होतं. मी तिचे जोडलेले हात धरून खाली केले आणि तिला बाहेर आणलं.

आम्ही दोघी चालत स्टँडवर गेलो. बापाच्या ऑटोत बसल्यावर ती माझ्यावर रागावली. आपल्या बोलीत, भरपूर. तोंड सांभाळता येत नाही, आता तासाला कोण बसवणार, आम्ही सगळं कशासाठी गिळत होतो. मी ऐकून घेतलं. तिचं खोटं नव्हतं.

तास बंद झाला. शिष्यवृत्ती मिळाली नाही. बाकीच्या पाच जणांच्या डायऱ्यांवर वर्षभर दत्तक सह्या होत राहिल्या, आणि त्यांच्यातले दोघे माझ्याशी बोलेनासे झाले, कारण माझ्यामुळे त्यांच्यावरही नजर बसली. योजना पुढेही चालू राहिली. कौतुकही होत राहिलं. मी जिंकले असं कोणी समजू नये.

फक्त एक झालं. लाजेचा पत्ता सापडला. इतके दिवस मी ती आमच्या घरात शोधत होते, याडीच्या बोलण्यात, माझ्या जिभेवर. ती तिथली नव्हती. कोणीतरी आणून ठेवली होती, आणि मी तिला घरातलंच माणूस समजून सांभाळत बसले होते.

आज मी नोकरी करते. चांगल्या खुर्चीवर बसलेली चांगली माणसं अजूनही मऊ आवाजात मला सांगतात, तुमच्या लोकांसाठी आम्ही एक सोय करतोय. मी आधी विचारते, त्यांना विचारलंत का? बहुतेक वेळा विचारलेलं नसतं. मग मी दुसरं सांगते. आमच्या तांड्यावर या. बसा. आमच्या बायांना बोलू द्या, आणि त्या बोलतील ते समजेपर्यंत ऐका. हे करायचं नसेल तर तुमची मदत तुमच्यापाशी ठेवा. आमच्या डोक्यावर ठेवाल तर मी ती परत करीन. सगळ्यांसमोर, तोंडावर, आणि मला हव्या त्या भाषेत.