जाजमावरचं जातं

"ए बाई, जात्यात दाणे टाकू नकोस. जाजम खराब होईल."

भोरातले एक वकील मला म्हनाले. भरल्या सभेत. खाली खुर्च्यांवर शिकलेली मानसं. वर मी एकटी, म्होरं जातं.

सरकारचा हुकूम आला हुता, जात्यावर ओव्या म्हननारी बाई पायजे. पाटलानं हिर्डोशीतनं मला गाडीत बसवली. मालक मुंबैला गिरनीत. इचारू कुनाला?

"रिकामं जातं वढू नये, सायेब," म्या म्हनलं. "अशुब आसतं."

"नुसतं दाखवायचं आहे गं."

सभा हसली. म्या वढलं. दगडावर दगड. दात शिवशिवले.

जात्याला दोगी लागतात. घरी जाऊ आसती, ती हुंकार देती, मग फुडची ओवी सुचती. हितं हुंकार कोन देनार? तरी पोटातनं आली ती म्हनली:

पान्याखाली गेलं माज्या मायबाईचं अंगन,
आता कुन्या उंबऱ्याला सुखदुक सांगन.

माजं माहेर वेळवंडीच्या काठी. भाटघरचं धरान झालं, गाव बुडालं. आमी निगालो तवा आमची म्हस दोनदा मागं फिरून गोठ्याकडं पळाली हुती. आई तिला मारत हुती आन रडत हुती.

वकिलांनी मधीच हात वर केला. "पाण्याखाली म्हण. पाण्या. अंगण. आणि ही ओवी नको. सीतेची म्हण एखादी."

परत हसली सभा. कानाच्या पाळ्या तापल्या. पर सीतेची म्हनली. त्याची लाज आजून वाटती.

मग पुन्याचे एक प्रोफेसर बोलाय उठले. मला ऊठ कुनी म्हनलं न्हाई. बसून ऱ्हायले. त्यांनी छडी माज्याकडं केली.

"राष्ट्र म्हणजे एक भाषा, एक संस्कृती. हिच्यासारख्यांच्या बोली मरणारच, त्याला इलाज नाही. म्हणून त्या मरण्याआधी जपून ठेवल्या पाहिजेत."

टाळ्या पडल्या. निम्मं मला समाजलं न्हाई. मरनारच, एवढं समाजलं. समदी मयताला आलेली. आन मयत मी.

उठले.

"मरायचं कुनी ठरवलं? आमाला इचारलं का?"

प्रोफेसर हसून म्हनाले, "बस बाई. हा विषय तुला समजायचा नाही."

"समाजलं म्हनून तर उठले."

पदर खोचला आन खाली उतारले.

भाईर पाटील. "लई शानी झालीस. सरकारात माजी मान खाली घातलीस." गाडी घेऊन निगून गेला. मी चालत निगाले. वाटंत बाया भेटल्या, कुटनं आलीस इचारलं. काय सांगू? ओटीतली भाकर तशीच ऱ्हायली. दिस बुडताना घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी जाऊ दळाय आली न्हाई. दिरानं दारातनंच सांगितलं, "ती न्हाई यायची. पाटलाशी वाकडं नगं." वरीसभर एकटीनं दळलं. दळन झालं, ओवी न्हाई आली. एकदा मीच म्हनले आन मीच हुंकार दिला. मग त्ये बी सोडलं.

वरसानं पाटील परत दारात. "औंदा बी बलावलंय. औंदा नीट म्हन."

"मी येनार न्हाई, पाटील. फुडं बी कंदी न्हाई. त्यास्नी ओवी पायजे तर घाट चढून हितं यावं. भुईवर बसावं. मी म्हनीन तसंच लिवावं, अक्षार बदलायचं न्हाई. आन खाली माजं नाव घालावं."

"आगं, कुनी यायचं न्हाई तुज्या दारात."

"नगं येऊ."

जाऊ तिच्या दारातनं ऐकत हुती. भाईर आली न्हाई. मी तिला हाक मारली न्हाई. कुनी संगं येवो न येवो, जितेपनी माजं दिवस मी कुनाला घालू देनार न्हाई.