डिस्ट्रिब्युटर बसवताना

अण्णा, माझे वडील, नेहमी म्हणायचे, "ही पिकअप चालतेय तोवर रोपवाटिका चालवू. मग तू खुशाल पुण्याला जा." गाडी बंद पडली, तेव्हा मी मनातल्या मनात सामान बांधलं. पण अण्णांनी भंगारातून इंजिनाला ठिणगी पुरवणारा जुना डिस्ट्रिब्युटर शोधून आणला. त्यांचे हात थरथरतात, म्हणून तो बसवायला मीच बॉनेटखाली वाकले.

अण्णांनी आत बसून चावी फिरवली. इंजिन खोकलं. ठिणगीची वेळ जुळावी म्हणून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून मग आवळायचा असतो. मी तो चुकीच्या जागी आवळला असता, तर गाडी बंदच राहिली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पण आवाज स्वच्छ होईपर्यंत माझे हात तो फिरवत राहिले. हे काम त्या हातांना अण्णांनीच शिकवलं होतं. जीव लावणारी माणसं दार बंद करत नाहीत. आपल्यालाच उंबरा ओलांडवत नाही.

"वा, पोरी! आता हिला मरण नाही," अण्णा खुशीत म्हणाले. "चल, चक्कर मारू."

मी गाडी हायवेपर्यंत नेली. समोर पुण्याचा रस्ता सरळ पसरला होता.

"वळव आता," अण्णा म्हणाले.

मी वळवली.