सेल्युलोजला हिंगाचा वास

राग शिळा होतो म्हणतात. माझा नाही झाला. बेंगळुरूच्या त्या लॅबचा विषय निघाला की मी अजून भांडी आपटते, आणि सून काचेचे पेले गुपचूप वरच्या फळीवर ठेवते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जे. पी. नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची खाजगी तपासणीची लॅब होती. माझ्याकडे काम होतं आगीचं. काही पदार्थ स्वतः जळत नाहीत, पण दुसऱ्याचं जळणं भडकवतात. भांडण लावून बाजूला उभ्या राहणाऱ्या नणंदेसारखे. ते ओळखायचे कसे? पदार्थाची पूड सेल्युलोजमध्ये, म्हणजे कागदाच्या लगद्याच्या पांढऱ्या भुकटीत मिसळायची, फनेलनं तिचा शंकू पाडायचा, बुडाशी तापलेली तार आणि हातात स्टॉपवॉच. तसाच शंकू एका ठरलेल्या रसायनाचाही करायचा. आपला शंकू त्याच्याइतका किंवा त्याहून लवकर जळला, की धोक्याचा शिक्का. मग त्या मालाला वेगळे ड्रम, वेगळी गाडी, वेगळं गोदाम. अट एकच, पण सोवळ्याइतकी कडक: सेल्युलोज ओव्हनमध्ये खडखडीत वाळवलेलं हवं. ओल्या भुकटीत भलेभले पदार्थ गरीब गाय होतात.

आणि ही अट पाळणारी मी कशी होते? पदराला पिन, केसांना तेल, तोंडाला कुलूप. एम.एस्सी.चा केवढा तोरा! तो तोरा फक्त घरी नवऱ्यापुढे चाले. लॅबमध्ये आमचे साहेब, म्हणजे सर, शिंकले तरी मी ‘सॉरी सर’ म्हणे.

बेंगळुरूबाहेरच्या होसकोट्याच्या एका कारखान्यातून कापडाचा रंग उडवायची पांढरी पूड तपासायला आली. घेऊन आली ती तिथली स्टोअर सांभाळणारी बाई, निपाणीकडची. मी मराठी आहे कळल्यावर खुर्ची ओढून बसलीच.

“अक्का, इंग्रजी कागद आमच्या साहेबाला द्या. मला तोंडानं सांगा, हे पेटतंय काय?”

“का हो?”

“आमचे हमाल ह्याच्या पोत्यांवरच निजत्यात की. वर बिड्या वडत्यात. मी वरडून दमले. म्हणत्यात, मीठ हाय हे, मीठ कुठं पेटतंय?”

“सांगते,” म्हटलं. “फोन करते तुम्हाला.”

ठरलेल्या रसायनाचे शंकू मी जेवणाआधी जाळले. पुडीचे जेवणानंतर. तर ही पूड नुसती धुमसली, थोडी काळी पडली आणि रुसून बसली. सर खूश. रिपोर्ट टाइपही व्हायला गेला. मी उरलेलं सेल्युलोज बाटलीत भरत होते, तेवढ्यात वास आला. नाक खुपसून पाहिलं. हिंग!

ओव्हन उघडला. आत सरांचा डबा, बिसी बेळे भाताचा, म्हणजे हिंग घातलेल्या सांबारभाताचा, झाकण सैल. माझ्या वाळवणाच्या बशीशेजारी मांडी घालून बसलेला. आणि भात करपू नये म्हणून ओव्हनचं बटण पार खाली आणलेलं. म्हणजे मी जेवत होते तेव्हा माझं सेल्युलोज सांबाराच्या वाफेत न्हात होतं. सर उशिरा जेवायचे आणि रोज डबा तिथंच गरम करायचे हे सगळ्या लॅबला ठाऊक होतं. सरांच्या डब्याला कोण अडवणार? मी तर कधीकधी चिमट्यानं काढून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवत असे. धन्य ती बाई!

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “स्वल्प अ‍ॅडजस्ट करा ना, मॅडम. दमट हवा आहे, उन्नीस-बीस होतंच.”

“हवेला हिंगाचा वास नसतो, सर.”

हे मी बोलले? मीच दचकले. पण कुलूप एकदा निघालं होतं. दुसऱ्या दिवशी नवं सेल्युलोज वाळवलं, डबा बाहेर ठेवला आणि सगळे शंकू पुन्हा मांडले. कारखान्याचा साहेब रिपोर्ट न्यायला आला होता, त्यालाही उभं केलं. तार लाल झाली आणि पूड अशी फुस्सकन भडकली की त्याचा टाय मागे उडाला. ठरलेल्या रसायनाचा शंकू अजून जळतच होता.

साहेब म्हणाला, “हे तुमच्या लॅबमध्ये पेटतं. आमच्याकडे कधी पेटलं नाही.”

आणि सर, माझे उच्चशिक्षित सर, घड्याळ बघून शांतपणे म्हणाले, “मॅडम, जेवणानंतर परत एकदा करू.”

जेवणानंतर! माणसाला चूक कळत नाही याचा राग एक वेळ गिळता येतो. याला कळली होती, आणि तो तिचा उपयोग करायला निघाला होता. माझे कान तापले. सरांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि दोघांच्या समोर होसकोट्याला, त्या स्टोअरच्या बाईला लावला.

“पेटतंय,” म्हटलं. “लवकर पेटतंय. माणसं हलवा.”

“कधी?”

“आत्ता. फोन ठेवा आणि जा.”

साहेबानं उरलेली पूड उचलली आणि दुसरी लॅब शोधायला गेला. सर माझ्याशी कितीतरी दिवस फक्त चिठ्ठ्यांनी बोलले. मीही उत्तरं चिठ्ठ्यांनीच दिली, हिरव्या शाईत, मुद्दाम.

पण त्या बाईनं शब्द ऐकला होता. पुढच्या रविवारी बस धरून होसकोट्याला गेले, तर हमालांच्या वळकट्या कुंपणाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि गोदामाच्या दाराला तिचं स्वतःचं कुलूप. तिच्याच निपाणीकडचा एक हमाल माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारू लागला, “हीच काय ती बाई? हिच्यामुळं डास चावालेत आम्हाला.”

“हो, मीच!” मी ओरडले. “चावू देत! डासच चावतायत ना?”

तो बिडी शोधत शेडबाहेर गेला. ती स्टोअरची बाई त्याच्या मागे, काडेपेटी काढून घ्यायला.